नामीआजींचा नवा खुबा आणि हळदीचा चौक

बादली घेऊन मी बाथरूममधून बाहेर आले, तर पेशंट पलंगावर नव्हती. नामीआजी खोलीच्या मधोमध वॉकर धरून उभ्या होत्या आणि त्यांच्यासमोर जमिनीवर लाकडी पाट होता. तो पाट कोपऱ्यात भिंतीला टेकवलेला असायचा. त्यांनी वॉकरने ढकलून तो आडवा केलेला.

"आजी, काय चाललंय?"

"बगतंय."

"काय बघताय?"

"पाट."

"पाटात काय बघायचं असतं?"

"तू तुजा काम कर ना बाय."

माझं काम तेच होतं. मी पाट उचलून कपाटावर टाकला. आजींनी मला एक शिवी दिली. लांब होती. माझं माहेर देवगडकडचं, त्यामुळे त्यांच्या आगरी बोलीतली ती शिवी मला अर्धीच कळली. तेवढी पुरेशी होती.

मी ब्युरोची मावशी. ब्युरो म्हणजे आजारी माणसाच्या घरी बाई पाठवणारं ऑफिस. राहते विठ्ठलवाडीला, शिकलेय चौथीपर्यंत. कल्याण-डोंबिवलीत हाडाचा पेशंट आला की ब्युरोवाले आधी मला फोन करतात. यात माझी काही हुशारी नाही. मी अंगाने दांडगी आहे आणि पेशंटच्या रडण्याला भुलत नाही, एवढंच.

खुबा बदलायचा म्हणजे काय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखतं. लोकांना वाटतं कंबर बदलतात. कंबर नाही. मांडीचं हाड वर जिथे संपतं तिथे त्याला एक गोळा असतो. कमरेच्या हाडात त्या गोळ्यासाठी वाटी असते. गोळा वाटीत फिरतो म्हणून आपण चालतो, वाकतो, मांडी घालून बसतो. म्हातारपणी या दोघांमधली गुळगुळीत गादी झिजते आणि हाडावर हाड घासायला लागतं. मग डॉक्टर झिजलेला गोळा कापून काढतात, मांडीच्या हाडात धातूचा दांडा ठोकून बसवतात, त्याच्या टोकावर नवा गोळा आणि कमरेत नवी वाटी. हो, ठोकूनच. हातोडी असते. माझे काही पेशंट इथपर्यंत ऐकून मला गप्प बसायला सांगतात.

दुखणं मात्र जातं. पण नवा गोळा वाटीत टिकतो तो आजूबाजूच्या स्नायूंच्या जोरावर, आणि ते ऑपरेशनमध्ये कापून पुन्हा शिवलेले असतात. ते भरून येईपर्यंत गोळा निसटू शकतो. निसटला की पाय वाकडा होतो, पेशंट किंचाळतो, पुन्हा ॲम्ब्युलन्स, पुन्हा भूल. म्हणून नियम असतात. बसताना गुडघा खुब्याच्या वर जाता कामा नये. म्हणजे जमिनीवर नाही, बुटक्या स्टुलावर नाही. पायावर पाय टाकायचा नाही. झोपताना दोन पायांत उशी. संडासाला उंच सीट. आजींचं ऑपरेशन मागच्या बाजूने केलेलं, त्यात हे नियम कडक. पुढून करणारे डॉक्टर थोडी सूट देतात असं ऐकलंय. ज्याने कापलं त्याचं ऐकायचं, हे मी धरून चालते.

आता खुबा बदललेल्या बाईने पाटाकडे टक लावून का बघावं, ते सांगते.

आजींचं गाव डोंबिवलीच्या कडेला. चारी बाजूंनी टॉवर आलेत, पण आत शिरलं की गाव अजून गाव आहे. भातशेती होती तिथे आता त्यांचा तीन मजली बंगला आहे. मुलगा जनार्दन, घरात जना. गावात त्याच्या शब्दाला वजन आहे. घरात नाही. आणि नामीआजी गावच्या धवलारीण. आगरी लग्नात भटजींच्या आधी धवलारीण लागते. हळदीला ती तांदळाच्या पिठाने जमिनीवर चौक भरते, म्हणजे चौकोनी रांगोळीच. त्यावर पाट, पाटावर नवरी. मग चौकाजवळ बसून ती धवळे गाते. गाण्यातूनच ती देवांना, गावदेवीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन लग्नाला बोलावते. हे तासन्‌तास चालतं आणि सगळं जमिनीवर बसून.

आजींनी गावातल्या बहुतेक बायकांची हळद लावलेली. राहिली होती ती घरचीच, त्यांची नात स्नेहा.

पाय दुखून दुखून आजींना खाली बसता येईनासं झालं होतं, तरी त्या ऑपरेशनला तयार नव्हत्या. मग स्नेहाचं लग्न ठरलं. जना म्हणाला, "आई, खुबा बदल. पोरीच्या हळदीला पहिल्यासारखी बसशील." दुसऱ्या दिवशी आजी हॉस्पिटलची पिशवी भरून तयार होत्या. दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. लग्न माघातलं.

पाटाच्या भानगडीनंतर थोड्याच दिवसांत आम्ही ठाण्याला डॉक्टरांकडे दाखवायला गेलो. जना, आजी आणि मी. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला आणि खूश झाले.

"फर्स्ट क्लास. आजी, आता हळूहळू काठीवर या."

"डाक्टर, खाली कवा बसू?"

"खाली म्हणजे?"

"भुईला. पाटावर."

"नाही हं आजी. खाली नाही बसायचं."

"आता नाय. लग्नापर्यंत?"

"लग्नापर्यंत तर नाहीच. नंतरही नको. खुर्ची आहे ना आता."

आजींनी मान जनाकडे वळवली. जना एक्स-रे बघत होता. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण बघत होता.

"जना, तू इचारलास नाय?"

"विचारलेलं ना आई. मी विचारलं, आई चालेल ना? डॉक्टर बोलले, मस्त चालेल."

"चालून लगीन लावतंय का मी?"

डॉक्टरांनी विचारलं, कुठलं लग्न? मी थोडक्यात सांगितलं. माणूस वाईट नाही. बाहेर पेशंट खोळंबलेले असून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"आजी, हे मला आधी कळलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं, जमिनीवर बसणं विसरा म्हणून."

"तं मी केलाच नसता आपरेशन."

"मग दुखत राहिलं असतं."

"दुकत राहिला असता. बसली असती."

डॉक्टरांनी कॅल्शियमची गोळी लिहून दिली.

परतताना गाडीत आजी खिडकीबाहेर बघत बसल्या. जना अधूनमधून म्हणायचा, "आई, वडापाव खातेस?" "आई, एसी कमी करू?" शीळफाट्यापर्यंत त्याने सहा-सात गोष्टी विचारल्या. मी त्याला आरशातून गप्प बसायची खूण केली.

घरी आल्यावर आजींनी पलंगावर भिंतीकडे तोंड केलं. मी पायांत उशी घातली. दुसऱ्या दिवशी त्या उठल्या नाहीत. जेवण पलंगावर, चालणं नाही, व्यायाम नाही. फिजिओची मॅडम आली. चांगली मुलगी, आवाज गोड.

"आजी, पंजा वर-खाली करा बघू."

"तू कर."

"मी करून काय उपयोग आजी?"

"माजा बी तोच उपेग."

मॅडम हिरमुसून गेली. मला मात्र काळजी लागली. हे नखरे म्हणून सोडून देण्यासारखं नव्हतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर माणूस पडून राहिला की पोटरीत रक्त साकळतं, गुठळी होते. ती सुटून छातीत गेली तर डॉक्टरांना हात लावायलाही वेळ मिळत नाही. म्हणून तर रक्त पातळ करायच्या गोळ्या देतात, पायाला घट्ट मोजे घालतात आणि आमच्यासारख्या बायका पेशंटला दिवसभर हुसकत बसतात. मी चुचकारून पाहिलं, दरडावून पाहिलं. एकदा सरळ म्हटलं, "आजी, अशा पडून राहिलात तर स्नेहाच्या हळदीला तुमचाही फोटो लावावा लागेल."

"लाव. कमलीला नाव घ्याला सांग माजा."

कमळीबाय म्हणजे शेजारच्या गावची धवलारीण. आजींच्या सुनेने, वैशालीने, तिला घाबरत घाबरत विचारून ठेवलं होतं. हळद तोंडावर आलेली, ती तरी काय करणार? आजींना हे कोणी सांगितलं नव्हतं, पण त्या घरात कुजबुज मजले चढून वर येते.

दोन दिवसांनी कमळीबाय स्वतःच पेशंटला बघायला आली. आजींपेक्षा वयाने थोडी लहान, खणखणीत, पायऱ्या धडाधड चढून आली. आजींनी ते चढणं ऐकलं. मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"निज गो बाय तू," कमळीबाय म्हणाली. "काय चिंता करू नको. स्नेहाचा मी सांबालतंय."

"आमच्या घरच्या गेलेल्यांची नावा म्हायती हायेत तुला?"

"घेईन ना लिवून."

"लिवून?"

"वैशाली देल कागदावर. आता सगल्या तशाच करतात."

आजींनी तिला चहा पाजला, नारळ देऊन पाठवलं. ती जिना उतरून गेली. मग आजी म्हणाल्या, "कागद वाचून देव बोलावनार. सोसायटीची मिटिंग हाय का?"

आणि लगेच, "वॉकर दे."

राग चिठ्ठीवर लिहून देता येत नाही, नाहीतर सगळ्या डॉक्टरांनी दिला असता. त्या दिवसापासून आजी खोलीतून हॉलपर्यंत, हॉलमधून गॅलरीपर्यंत फिरायला लागल्या. फिजिओच्या मॅडमनी सांगितलं त्याच्या दुप्पट व्यायाम. शेवटी मला थांबवावं लागलं, कारण जास्त केलं की सूज येते. माझ्यावर त्या खेकसल्याही. मला बरं वाटलं. खेकसणारा पेशंट मरत नाही.

पण मूळ प्रश्न तसाच होता. हळद कोण लावणार आणि कुठे बसून?

"खुर्चीवर बसून गा," मी म्हटलं.

"देव भुईला, चौक भुईला, नि मी वर खुर्चीन? त्याना बोलावून मी त्यांच्या डोक्यावर बसू?"

"त्यांना कळेल की. ऑपरेशन झालंय."

"त्याना कलंल. मना नाय जमाचा."

देव रागावतात की नाही मला ठाऊक नाही. खुबा रागावतो, ते मी पाहिलंय. पण आजींच्या बोलण्यात हट्टापेक्षा जास्त काहीतरी होतं. पाहुण्याला जमिनीवर बसवून आपण उंचावर बसायचं नाही, एवढी साधी रीत. ती आपल्यालाही कळते.

जनाने त्याच्या पद्धतीने मार्ग काढला. मंडपवाल्याकडून तो एक सोफा घेऊन आला. लाल मखमली, सोनेरी पाय, दोन्ही बाजूंना सिंहाची तोंडं. बुटका होता. पाटाहून थोडा उंच, खुर्चीहून बराच खाली.

"मावशी, बघा. ना खाली, ना वर. आईसाठी एकदम बरोबर."

मी त्यालाच त्यावर बसायला सांगितलं. तो बसला. बसला म्हणजे आत गेला. गुडघे छातीशी आले.

"आता उठ."

जना दोन्ही हातांनी सिंहाच्या तोंडाला धरून उठला.

"तुझा स्वतःचा खुबा आहे म्हणून उठलास. आईचा गोळा इथेच निसटला असता आणि वरात हॉस्पिटलला गेली असती."

मऊ सोफा हा खुब्याच्या पेशंटचा सगळ्यात मोठा वैरी. जमीन दिसते तरी, माणूस सावध असतो. सोफा आग्रह करून बसवतो. जनाने तो सोफा नवरदेवाकडच्या पाहुण्यांसाठी ठेवला.

हळदीच्या आदल्या दिवशी मी आजींना फिरवायला अंगणात आणलं. तेव्हा त्या हातात काठी घेऊन बऱ्यापैकी चालत होत्या. मंडप लागला होता, आणि मंडपाच्या एका टोकाला डीजेसाठी लाकडी फळ्यांचा स्टेज बांधला होता. या भागात हळदीला डीजे नसला तर लोक विचारतात, कोणी वारलं का. स्टेज माझ्या कमरेएवढा उंच. आजी चालत चालत तिथे गेल्या आणि थांबल्या. काठी माझ्याकडे दिली. दोन्ही तळवे फळीवर टेकले. मग एका हाताने फळीवर आडवा हात फिरवला, ओटा पुसावा तसा.

"ह्यो कोनी बांदला?"

"डीजेवाल्यांनी."

"मजबूत हाय?"

"चार माणसं नाचतात म्हणे वर."

आजींनी फळीवर अंगाचा भार टाकून पाहिला. मला वाटलं चक्कर येतेय, मी मागून धरायला गेले.

"सोड. जनाला बोलाव."

जना आला.

"डीजे खाली घे."

"काय?"

"डीजे भुईला ठेव. चौक वर भरतंय मी. देव वर, स्नेहा वर. मी हितं, खाली, खुर्चीन."

जनाला समजायला थोडा वेळ लागला. मलाही. देव जमिनीवर म्हणून आजींना खुर्ची चालत नव्हती. देवच कमरेएवढे उंच नेले, तर खुर्ची खालीच राहते. आणि उभ्या माणसाला फळीवर चौक भरायला खाली वाकावंही लागत नाही. मी इतके दिवस आजींना कसं बसवायचं याचा विचार करत होते. देवांना हलवता येईल हे माझ्या डोक्यात आलं नाही. ते आजींच्याच अधिकारातलं होतं.

तरी मी फिजिओच्या मॅडमना फोन लावला. उभ्याने स्टेजवर हात लांब करून रांगोळी काढली तर चालेल का? त्यांनी विचारलं, "किचनच्या ओट्यावर चपाती लाटतात तितकंच वाकायचं ना?" मी म्हटलं, तितकंच. "मग चालेल. पाय फाकवून उभं राहायचं, पाय तसेच ठेवून कंबर पिळायची नाही. मध्ये मध्ये बसवा, पण उंच खुर्चीत."

डीजेवाला तयार नव्हता. चांगला धडधाकट माणूस, पण तोंड पाडून बसला.

"काकी, खाली ठेवला तर बेस मारणार नाही. साउंड उठणारच नाही."

"नको उठू दे," आजी म्हणाल्या. "बसू दे भुईला. आपरेशन त्याचा नाय झाला."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टेजची फळी पुसली, गोमूत्र शिंपडलं. आजी नवं लुगडं नेसून डाव्या हाताने स्टेजची कड धरून उभ्या राहिल्या आणि उजव्या चिमटीतून पीठ सोडायला लागल्या. मी मागे, कंबर धरून. जवळच्या बाजूच्या रेघा सरळ आल्या. पलीकडची बाजू हाताला येईना. आजी थोड्या पुढे झुकल्या, तशी मी त्यांना मागे ओढलं.

"सोड ना गो."

"नाही सोडणार."

कमळीबाय तिथेच होती. तिला कोणी नको म्हणून सांगितलं नव्हतं, ती आपली पिशवी घेऊन आलेली. तिने चप्पल काढली, स्टेजवर चढली आणि पलीकडची बाजू भरायला बसली.

"वाकडा झाला," आजी म्हणाल्या.

"तुज्या बाजूनी वाकडा दिसतंय. माज्या बाजूनी सरल हाय."

"देव माज्या बाजूनी येतात."

"तं त्याना सांग, जरा वलून बगा."

आजूबाजूच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. चौक पुरा झाला. त्यावर पाट मांडला, स्नेहाला वर बसवलं. खाली मी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या एकात एक घातल्या, म्हणजे उंची वाढते आणि खुर्ची डगमगत नाही. वर कडक उशी. आजी आधी खुर्चीला पाय टेकले का ते बघून, हातांवर भार देऊन, शिकवल्याप्रमाणे बसल्या. ऑपरेशनचा पाय पुढे. मान वर केली की समोर चौक.

मग त्यांनी धवळा धरला. आवाज फाटलेला होता, पडून राहून श्वासही कमी झालेला. ओळ संपता संपता कमळीबाय वरून ती उचलायची आणि आजी तेवढ्यात दम घ्यायच्या. गावदेवी आली, खाडीकडचे देव आले. मग घरातली गेलेली माणसं. सासू-सासरे, दीर, लहानपणी वारलेली एक मुलगी जिचं नाव वैशालीनेही कधी ऐकलं नव्हतं. शेवटी नवऱ्याचं नाव. आजींनी एकही नाव गाळलं नाही. स्नेहा रडली, वैशाली रडली, जना स्पीकरच्या मागे जाऊन उभा राहिला. मी आजींचा गुडघा बघत होते. खुब्याच्या खालीच होता.

दर थोड्या वेळाने मी त्यांना उभं करत होते, पंजे हलवायला लावत होते. त्या गाता गाता हलवत होत्या. हळद लागली. मग जमिनीवरचा डीजे सुरू झाला आणि त्याचा बेस चांगला मारत होता. खुर्ची हादरायला लागली, तेव्हा मी आजींना वर खोलीत नेलं. जिना चढताना आधी चांगला पाय, मग ऑपरेशनचा. हे त्यांना आता सांगावं लागत नाही.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला. सगळं जागच्या जागी. त्यांनी विचारलं, "झालं का लग्न?" आजी म्हणाल्या, "झाला. तुमच्या कॅल्शियमनी नाय झाला."

तेव्हापासून मी एक करते. ऑपरेशनच्या आधी कुणी घरी बोलावलं, तर घरच्यांना विचारते, यांना नंतर काय करायचंय? घरचे म्हणतात, चालायचंय, अजून काय. मग मी तोच प्रश्न पेशंटला विचारते. उत्तर कधीच तेच येत नाही. मध्यंतरी कल्याणच्या एका आजोबांनी सांगितलं, कॅरम खेळायचाय, सतरंजीवर बसून, नेहमीसारखा. मुलगा म्हणाला, बाबा कधी बोलले नाहीत. मी म्हटलं, तुम्ही कधी विचारलंत? मग आजोबांना जमिनीवर बसण्याचं सगळं खरं सांगितलं, त्यांनी चार दिवस विचार केला आणि ऑपरेशनला हो म्हणाले. आता त्यांचा कॅरम डायनिंग टेबलवर आहे. खुबा उत्तम चाललाय. आजोबा हरले की टेबलाच्या उंचीला नावं ठेवतात.